परक्या घरातली मावशी

अकोल्याच्या जुन्या शहरातून, आमच्या गच्चीवरच्या खोलीतून बोलतोय. मागं ऑटोचा हॉर्न ऐकू आला तर समजून घ्या. आमच्या गल्लीत शांतता रात्री साडेअकरानंतर मिळते, आणि तोवर मला झोप आलेली असते.

तर आजचा विषय एका व्हॉइस नोटवरून सुचला. आमच्याच भागातली एक मुलगी, या पॉडकास्टची जुनी श्रोती, वर्षभरासाठी शिकायला जपानला चाललीये. हॉस्टेलवर नाही, एका जपानी कुटुंबात राहणार. तिची व्हॉइस नोट चार मिनिटांची. त्यातली साडेतीन मिनिटं तिच्या आजीबद्दल. आजीचं म्हणणं असं, "परक्याच्या घरी काय खाईन ते पोट्टी? अन् त्या बाईले म्हणन काय?" मग शेवटी ती म्हणते, "दादा, आपल्याकडून याआधी असं कोणी गेलंय का? कोणाच्या घरी राहून शिकलंय का? आजीला सांगायला काहीतरी द्या ना."

मी आधी जपानच्या बाजूनं शोधलं. आपल्या वऱ्हाडातून तुकडोजी महाराज १९५५ साली जपानला गेले होते, पण ते परिषदेसाठी. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानमार्गे अमेरिकेला गेले, शेतीशास्त्र शिकले, पुढे मेक्सिकोत मक्यावर आणि गव्हावर काम केलं. भारी माणूस, त्यांच्यावर वेगळा भाग करायचाय. पण कुणाच्या तरी घरात घरच्यासारखं राहून शिकलेलं मराठी माणूस म्हटलं की नाव एकच येतं. आनंदीबाई जोशी.

थांबा, स्किप करू नका! "माहितीये, पहिली डॉक्टर, सिनेमा पाहिलाय," असं म्हणाल. तो भाग मी पटकन उरकतो. मला सांगायचंय ते घराबद्दल. ती ज्या घरात राहिली त्या घराबद्दल.

जन्म ३१ मार्च १८६५. माहेरचं नाव यमुना, घराणं कल्याणचं. नवव्या वर्षी लग्न, नवरा गोपाळराव, पोस्टात कारकून, वयानं वीसेक वर्षांनी मोठा. चौदाव्या वर्षी मूल झालं, ते दहा दिवसांत गेलं. गोपाळरावांना बायकोला शिकवायचं वेड, आणि वेडच म्हणतो मी. कोल्हापूरला असताना त्यांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं, की आम्हाला अमेरिकेत यायचंय, मदत करा. वाइल्डर साहेबांचं उत्तर थोडक्यात असं, की आधी ख्रिस्ती व्हा, मग बघू. आणि त्यांनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला. आजच्या भाषेत सांगायचं तर खासगी चॅटचा स्क्रीनशॉट टाकला.

आता बघा कसं असतं. १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल या छोट्या गावातली एक बाई दात दाखवायला डॉक्टरकडे गेली. थिओडोशिया कार्पेंटर तिचं नाव. नंबर लागेपर्यंत तिथं पडलेलं मासिक चाळत बसली. त्यात ही पत्रं. तिला वाईट वाटलं आणि तिनं घरी येऊन थेट हिंदुस्थानात पत्र लिहिलं. ती मिशनरी नव्हती, कुठल्या संस्थेची पदाधिकारी नव्हती. घरदार, मुलीबाळी असलेली गृहिणी.

मग तीन वर्षं नुसती पत्रं. एक पत्र जायला कित्येक आठवडे, उत्तर यायला तितकेच. त्या काळात दोघींनी एकमेकींना सगळं विचारून घेतलं. सण काय, लग्नं कशी होतात, बायका घरात काय करतात. एकमेकींना न बघता नातंही ठरलं होतं. आनंदी तिला मावशी म्हणू लागली. कलकत्त्याला असताना आनंदीची तब्येत ढासळली. डोकं दुखायचं, ताप यायचा, धाप लागायची. या मावशीनं अमेरिकेतून औषधं पाठवली. गुण आला नाही, पण पाठवली.

आजीला सांग, हा पहिला मुद्दा. परकं घर जाण्याआधीच थोडं ओळखीचं करून घेता येतं. तुझ्याकडे तर व्हिडिओ कॉल आहे.

फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरला, आनंदीनं जाहीर भाषण दिलं. मी का जातेय हे सांगितलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही सांगितलं. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट निघाली. नवरा सोबत नाही. वय अठरा. सोबत मिशनरी बायका, आणि वाटभर धर्म बदलण्याचा आग्रह. खाण्याचे हाल. ४ जूनला न्यूयॉर्क. धक्क्यावर मावशी उभी.

इथून खरी गोष्ट सुरू होते. जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत आनंदी रोझेलला कार्पेंटरांच्या घरी राहिली. या चार महिन्यांबद्दल आपण फार कमी बोलतो. आपल्याला डिग्री दिसते, दिवस दिसत नाहीत.

रोजचे प्रश्न अगदी तुझ्या आजीचेच. खायचं काय? घर मांसाहारी, ही शाकाहारी. तिनं आपलं सोडलं नाही आणि त्या घरानं जबरदस्ती केली नाही. उलट एकदा तिनंच मावशीच्या मैत्रिणींना आपल्या पद्धतीचं जेवण घातलं. त्या गोऱ्या बायांना साड्या नेसवल्या, खाली बसवलं, हातानं जेवायला लावलं. मला हे चित्र फार आवडतं. एरवी पाहुणा म्हणजे ज्याला सगळं शिकवायचं असतो. इथं त्या दिवशी पाहुणी शिकवत होती आणि घरचे चुकत होते. हातानं वरणभात खाणं पहिल्यांदा किती अवघड असतं, हे आपल्याला कधी कळणार? आपण जन्मापासून एक्स्पर्ट.

नेसायचं काय? नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, कंबरही. अकोल्यात मे महिन्यात चालेल ते, अमेरिकेच्या थंडीत कसं चालणार? पण गाउन घालायचा नाही हेही ठरलेलं. मग तिनं मधला रस्ता काढला. गुजराती पद्धतीनं साडी नेसायला लागली, अंग झाकलं जातं आणि साडीही राहते. हे तिनं गोपाळरावांना कळवलं. आणि गोपाळरावांना ते खुपलं. फोटो पाठवला तर त्यात पदर कसा आहे यावरून बोलणी.

इथं जरा थांबतो, कारण गोपाळरावांबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. कोणी देव करतं, कोणी राक्षस. त्यांच्यामुळे ती शिकली हे खरं. त्यांनीच तिला लहानपणी मारलं, तिच्या अंगावर पुस्तकं-खुर्च्या फेकल्या, सोडून जाईन अशा धमक्या दिल्या, हेही खरं. आणि हे आपल्याला कुठून कळतं? तिच्याच पत्रातून. अमेरिकेतून तिनं नवऱ्याला लिहिलं, की तुम्ही माझ्याशी असं असं वागलात. चिडून नाही, हिशेब मांडल्यासारखं. तुमचे उपकारही मानते आणि हेही विसरले नाही, असा सूर. मला वाटतं, हे पत्र कलकत्त्यात लिहिलं गेलं नसतं. मध्ये समुद्र होता आणि मागं एक घर होतं, जिथं कोणी हात उगारत नव्हतं. हा माझा अंदाज आहे, पण पत्रं वाचल्यावर दुसरं काही सुचत नाही.

ऑक्टोबर १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश. सहाशे डॉलर, तीन वर्षांसाठी. मावशी सोबत सोडायला गेली. अंतर म्हणाल तर अकोला-अमरावतीपेक्षा थोडं जास्त. पण घर सुटलं ते सुटलंच. कॉलेजच्या डीन रेचल बॉडली मायाळू होत्या, तरी भाड्याची खोली ती भाड्याची खोली. शेकोटी धड नव्हती. पेटवली तर खोलीभर धूर, विझवली तर काकडणं. स्वयंपाक स्वतःच. अभ्यास, थंडी, अर्धपोटी राहणं. तब्येत आधीच तोळामासा, ती तिथं आणखी खचली. सुट्टी लागली की रोझेलला जायची, चार दिवस माणसांत यायची.

आणि मंडळी, या कॉलेजात आपल्याला जपान भेटतो. मी अक्षरशः खुर्चीतून उठलो होतो. १० ऑक्टोबर १८८५ चा एक फोटो आहे, नेटवर सहज सापडेल. तीन मुली बसल्यात, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. एक आनंदी, साडीत. एक सीरियाची सबात इस्लामबुली. आणि एक किमोनोतली, केइ ओकामी, जपानची. आनंदीपेक्षा काही वर्षांनी मोठी, लग्न झालेली, आधी शाळेत इंग्रजी शिकवणारी. कोणाच्या घरी काय खायचं, कोणाला काय म्हणायचं, थंडीत काय नेसायचं, हे प्रश्न त्या तिघींनाही पडले असणार. आज एक मराठी मुलगी जपानी घरात राहायला निघालीये. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी एक मराठी आणि एक जपानी मुलगी तिसऱ्याच देशात पाहुण्या म्हणून एका बाकावर होत्या.

केइ ओकामी १८८९ मध्ये पदवी घेऊन जपानला परतल्या. टोकियोच्या जिकेई हॉस्पिटलात नोकरी लागली. पण १८९२ मध्ये सोडली. कारण सम्राट हॉस्पिटल बघायला आले तेव्हा बाई डॉक्टर म्हणून त्यांनी हिच्याकडून सेवा घ्यायला नकार दिला. बाईनं राजीनामा दिला आणि स्वतःचा दवाखाना काढला. १९४१ पर्यंत जगल्या.

जाता जाता एक. पुढं महर्षी कर्व्यांच्या हातात टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली आणि त्यातून १९१६ चं आपलं महिला विद्यापीठ उभं राहिलं, आजचं एसएनडीटी. म्हणजे जपानकडून शिकणं आपल्याला नवीन नाही. असो, परत आनंदीकडे.

११ मार्च १८८६, पदवी. प्रबंधाचा विषय प्राचीन हिंदूंचं प्रसूतिशास्त्र. समारंभाला पंडिता रमाबाई आल्या होत्या. गोपाळरावही आदल्या वर्षीच अमेरिकेत आलेले. ते तिथं भाषणं द्यायचे आणि अमेरिकनांना चांगलं झोडपायचे. ज्यांच्या घरी राहायचं त्यांच्याच देशाला, त्यांच्याच देशात. आता यजमानांना काय वाटलं असेल, आणि मधल्या मध्ये हिला काय वाटलं असेल! घरी नवरा आणि मावशी यांच्यात दुवा व्हायचं कामही तिच्याकडेच आलं. नवऱ्यामुळे शरमायचं आणि नवऱ्याची बाजूही घ्यायची. हे काम परदेशातच करावं लागतं असं नाही म्हणा.

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागा तिला मिळाली होती. ऑक्टोबर १८८६ मध्ये ती निघाली, नोव्हेंबरात मुंबईला उतरली. क्षयानं पोखरलेली. कोल्हापूरला रुजू झालीच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. बावीस पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता.

लोक विचारतात, परदेशात गेली म्हणून मेली का? आजीही हेच विचारेल. खरं सांगायचं तर आजारपण कलकत्त्यातच दिसत होतं. क्षयावर तेव्हा औषधच नव्हतं, इथंही नाही, तिथंही नाही. पण धुरानं भरलेली खोली आणि अर्धं पोट, यांनी काही भलं केलं नाही हेही लपवायचं कशाला? म्हणून श्रोतीताई, तुला सांगतो. खोलीत हीटर चालतो का, जेवणात तुला चालणारं काय आहे, मासा टाकलेलं पाणी सूपमध्ये असतं का, हे लाज न बाळगता विचार. जपानी स्वयंपाकात ते बऱ्याचदा असतंच. दारात चपला काढायच्या हे तुला सांगायला नको, आपल्याकडे तेच. आंघोळीचं मात्र ऐकून जा. टबात उतरायच्या आधी बाहेर अंग धुवायचं, कारण टबातलं पाणी सगळ्या घराचं एकच असतं. आणि त्या बाईला म्हणायचं काय, तर बहुतेक घरांत "ओकासान" चालतं, म्हणजे आई. अवघड वाटलं तर आनंदीसारखं मावशी म्हण, आणि त्याचा अर्थ तिला समजावून सांग.

आता शेवटचा भाग, जो मी सिनेमा बघून विसरलो होतो आणि परत वाचल्यावर त्या रात्री झोप लागली नाही. दहन पुण्यात झालं. गोपाळरावांनी रक्षा मिसेस कार्पेंटरना पाठवली. ज्या बाईनं तिला धक्क्यावरून घरी आणलं होतं, तिच्याकडे ती परत समुद्र ओलांडून गेली, या वेळी पोस्टातून. कार्पेंटर बाईंनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावच्या स्मशानात, आपल्या कुटुंबाच्या जागेत पुरली. वर दगड बसवला. दगडावर नाव, एम. डी., १८६५ ते १८८७, आणि शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री असा मजकूर. दगड आजही तिथं आहे.

हा भाग मी काल त्या मुलीच्या आजीला फोनवर ऐकवला. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या बाईच्या घरी कोणी हाये का आता?" मला माहीत नव्हतं. मग तिनं विचारलं, जपानला लोणच्याची बरणी नेऊ देतात का.

तेवढं बघून सांगतो म्हटलंय. भेटू पुढच्या भागात.