३ सप्टेंबर : शाहीर साबळे यांचा जन्म (१९२३)

वाईजवळच्या पसरणी गावी आजच्या दिवशी कृष्णराव गणपतराव साबळे जन्मले. राजा बढे यांच्या ‘जय जय महाराष्ट्र माझा’ला श्रीनिवास खळे यांची चाल आणि साबळे यांचा आवाज लाभला. १९ फेब्रुवारी २०२३पासून ते राज्यगीत आहे, त्यामुळे शाहिरांची ओळख बहुधा त्या एका गाण्यापाशीच थबकते. त्यांचे मोठे काम मात्र रंगमंचावरचे. ‘आंधळं दळतंय’सारखी मुक्तनाट्ये आणि पुढे ‘महाराष्ट्राची लोकधारा’ यांतून त्यांनी गोंधळी, वासुदेव, वाघ्या-मुरळी यांना तिकीट काढून येणाऱ्या शहरी प्रेक्षकासमोर उभे केले.

यावर आक्षेप असा, की देवापुढचा गोंधळ दिव्यांच्या झोतात आला की विधी सरतो, देखावा उरतो. हा आक्षेप खोटा नाही. दोन-तीन तासांत बसवायचे तर कात्री लागणारच. अमेरिकेत गायक जिमी रॉजर्सने १९२७ साली ब्रिस्टल गावी ध्वनिमुद्रण केले, तेव्हा तिथले ग्रामीण गाणेही तबकडीच्या तीनेक मिनिटांत कोंबावे लागले. पण घरोघर पोचले ते त्याच तबकडीमुळे. आणि ठाण्याच्या नौपाड्यातल्या इमारतींच्या दारांवरून वासुदेव नाहीसा झाला, त्याला रंगमंच कसा जबाबदार? जिन्याखाली पहारेकरी बसला, तिथेच त्याची वाट अडली. हाकेच्या अंतरावर १९७८ साली गडकरी रंगायतन उभे राहिले. अशाच नाट्यगृहांतून वासुदेव शहरी मुलांना भेटू शकला, अपुरा का होईना. १९९८ साली पद्मश्री मिळालेले शाहीर २० मार्च २०१५ रोजी निवर्तले.