बेल्लंदूर तलावावरची गार इंजिने

बेंगळुरूच्या बेल्लंदूर तलावाचे नाव आज निघते ते फेसाळलेल्या सांडपाण्यामुळे आणि २०१५ पासून त्यावर अधूनमधून भडकलेल्या आगींमुळे. याच पाण्यावर दुसऱ्या महायुद्धात ‘कॅटलिना’ जातीच्या उडत्या नौका उतरत असत. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर सरकारच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. १९४३ मध्ये तिचा कारखाना अमेरिकी लष्करी हवाईदलाकडे सोपवला गेला आणि तेथे दुरुस्तीसाठी येणाऱ्या कॅटलिनांना जवळचा हा तलाव सोयीचा ठरला.

कॅटलिनाच्या पंखावर दोन ‘ट्विन वास्प’ इंजिने असत. प्रत्येकात १४ सिलिंडर, आकारमान सुमारे ३० लिटर, शक्ती १२०० अश्वशक्तीच्या घरात. जमिनीवरचे विमान ब्रेक लावून उभे करता येते. पाण्यावर ती सोय नाही. एक इंजिन सुरू झाले आणि दुसरे अडून बसले, तर नौका गोल फिरू लागते. तलावाचा काठ तर समुद्रकिनाऱ्यासारखा दूर नसतो.

गार इंजिन अडते का? पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, जळते ती त्याची वाफ. गार धातूवर हलके घटक तेवढे उडतात, जड घटक भिंतींना चिकटून राहतात. म्हणून वजनाने १५ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे एरवीचे प्रमाण प्रारंभी पुरत नाही; कितीतरी अधिक पेट्रोल द्यावे लागते. नेमके तेव्हाच कार्ब्युरेटर दुबळा असतो. त्याच्या अरुंद नळीतील दाबाचा फरक हवेच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वेग दहापट कमी झाला की हा फरक शंभरपट घटतो.

लहान मोटारबोटीत यावर चोक हा उपाय: हवेची वाट अडवून ओढ वाढवायची. कॅटलिनाच्या दाब-कार्ब्युरेटरात मात्र मिश्रणाचा दांडा बंद ठेवून ‘प्रायमर’ने वेगळे पेट्रोल सोडत आणि इंजिनाने पेट घेतला की दांडा पुढे सारत. प्रायमरचा हात सैल सुटला, तर सिलिंडरवरचा तेलाचा थर धुऊन निघे. कधी ज्वाळा उलटी फिरून कार्ब्युरेटरपर्यंत येई.

त्याआधीही एक काम असे. अशा तारकाकृती इंजिनांत रात्रभरात तेल खालच्या सिलिंडरांत उतरते. द्रव दाबला जात नाही. वाकतो तो पिस्टनचा दांडा. म्हणून आधी पंखा सावकाश फिरवून पाहावा लागे. अतिथंडीसाठी इंजिन बंद करण्यापूर्वी तेलातच पेट्रोल मिसळून ते पातळ ठेवण्याची युक्तीही होती. अल्यूशियन बेटांवर ती मोलाची. बेंगळुरूच्या डिसेंबरातल्या १५ अंशांच्या पहाटेला तिची काय गरज!

केरळच्या किनाऱ्यावर रॉकेलवर चालणाऱ्या बोटींच्या इंजिनांत हेच भौतिकशास्त्र अजून राबते. रॉकेल गार असताना फारसे उडत नाही, म्हणून इंजिन पेट्रोलवर सुरू करतात, तापले की रॉकेलवर वळवतात आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा थोडे पेट्रोल सोडतात, दुसऱ्या दिवसाच्या पहाटेसाठी.