बारावी नाही, पण बीए आहे: मग एलएलबी करता येईल का?

आजचा विषय तसा रुक्ष वाटेल, पण कितीतरी जणांचं वकील व्हायचं स्वप्न त्यात अडकलंय. दहावीनंतर शाळा सुटली, कामाला लागले, पुढे मुक्त विद्यापीठातून बीए केलं. ही पदवी खरी आहे. मग लॉ कॉलेज ‘नाही’ का म्हणतं?

जरा मागे जाऊ. १९८५ साली इग्नू सुरू झालं. त्याच वर्षी यूजीसीने दूरशिक्षणाच्या पदवीसाठी नियम केले. प्रवेशाला बारा वर्षांचं शालेय शिक्षण हवं, पण ज्याच्याकडे आधीचं काहीच प्रमाणपत्र नाही, त्याला विद्यापीठाची प्रवेश परीक्षा देऊन आत येता येईल, अशी वाट त्यात ठेवली होती. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. ब्रीदवाक्य ‘ज्ञानगंगा घरोघरी’. बारावी न झालेल्यांसाठी तिथे ‘पूर्वतयारी’ नावाचा शिक्षणक्रम होता. तो पूर्ण करा आणि बीएला बसा. शेतात, कारखान्यात, घरात राबणाऱ्या माणसांसाठी ही किती मोठी गोष्ट होती!

आता दुसरी बाजू. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने वकिलीच्या शिक्षणाचा दर्जा ठरवायचं काम बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे दिलं. कौन्सिलने २००८ साली विधी शिक्षणाचे नवे नियम आणले. त्यातला पाचवा नियम नीट ऐका. दूरशिक्षणाने किंवा पत्राद्वारे केलेली बारावी वा पदवी चालते. पण आवश्यक मूळ पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट घेतलेली पदवी चालत नाही.

म्हणजे आक्षेप घरी बसून शिकण्याला नाही. आक्षेप पायरी गाळण्याला आहे.

पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात अण्णामलाई विद्यापीठाचा खटला गाजला. तमिळनाडूतल्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या प्राचार्यपदाचा तो वाद. संबंधित व्यक्तीने पदवी न घेताच मुक्त पद्धतीने एमए केलं होतं. न्यायालय म्हणालं, यूजीसीचे नियम मोडून दिलेली अशी एमए ग्राह्य नाही. नंतर लॉच्या प्रवेशाच्या आणि सनदेच्या वादांतही हा निकाल पुढे केला जाऊ लागला.

इथे मला एक गोष्ट खटकते. त्या खटल्यात बीएशिवाय एमए होती. आपल्या गोष्टीत बारावीशिवाय बीए आहे, आणि त्याची वाट तर यूजीसीच्याच १९८५ च्या नियमांत होती. दोन्ही प्रकरणं एकाच तराजूत तोलणं मला पटत नाही. पूर्वतयारी म्हणजे ‘मूळ पात्रता’ का धरू नये, हा प्रश्न रास्तच आहे. पण बार कौन्सिलचंही म्हणणं आहे: पदवी देणं विद्यापीठाचं काम, वकिलीचा दरवाजा कुणाला उघडायचा हे ठरवणं आमचं.

खरी मेख इथेच आहे. पदवी ‘समकक्ष’ आहे का, असं नुसतं विचारून भागत नाही. कशासाठी समकक्ष, हे विचारावं लागतं. एकच बीए स्पर्धा परीक्षेच्या फॉर्मला चालते, आणि एलएलबीच्या फॉर्मला अडते. या गोंधळाची किंमत मात्र विद्यापीठ भरत नाही, कौन्सिलही भरत नाही. तीन वर्षं घालवलेला विद्यार्थी भरतो. कुणाला प्रवेशाच्या वेळी कळतं, कुणाला थेट सनद घेताना.

म्हणून, वकिली डोक्यात असेल तर क्रम सांभाळा: दहावी, बारावी, मग पदवी. शाळा सुटली असेल तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहे, एनआयओएस आहे. नोकरी सांभाळून बारावी होते. त्यानंतरची मुक्त विद्यापीठाची पदवी या नियमात अडकत नाही. ओळखीतलं कुणी या वाटेवर असेल, तर बीएची फी भरण्याआधी त्याला हा भाग पाठवा.

भेटू पुढच्या भागात!