आसाचे वंगण

म्हैसूर शहरातील चामराजपुरम हे एक लहानसे रेल्वे स्थानक आहे. मुख्य स्थानकातून नंजनगूडकडे निघालेली गाडी वेग घेते न घेते तोच येथे थांबते आणि क्षणभराने पुन्हा निघते. म्हैसूर-नंजनगूड हा लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला. पुढे १९२४ साली, येथून जवळच अशोकपुरमला, रेल्वेचा कारखाना उभा राहिला. उतारूंच्या दृष्टीने गाडीचे थांबणे आणि निघणे ही नित्याची गोष्ट. परंतु यंत्राच्या दृष्टीने स्थिर चाक प्रथम हलते तो क्षण सर्वांत कठीण असतो. घर्षणाचा जोर त्या वेळी अधिक असतो. त्या क्षणावर मात करण्याच्या खटपटीतूनच वंगणाचा इतिहास घडला आहे.

लोहमार्ग येण्यापूर्वी या मुलखातील ओझी बैलगाडीने वाहिली. तिच्या चाकाचा तुंबा आणि आस यांमध्ये घालावयाचे वंगण गाडीवान स्वतःच तयार करीत असे. एरंडेलात जळलेल्या गवताची काजळी कालवून झालेला तो काळा लगदा कानडीत ‘कीलेण्णे’ म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्रातील गाडीवानालाही हे काळे वंगण चांगले परिचित होते. एरंडेल दाट आणि चिवट; ते आसाला धरून राहते. पण त्यात काजळी का घालावयाची, हे कोणत्याही ग्रंथात सांगितलेले नव्हते. चाकाची कुरकुर थांबली आणि बैलांची मान हलकी झाली, एवढे प्रमाण गाडीवानाला पुरेसे होते.

युरोपात या विषयाचा शास्त्रीय विचार निराळ्या वाटेने चालला होता. लिओनार्दो दा व्हिंची याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस घर्षणाचे प्रयोग केले. परंतु ते त्याच्या वह्यांतच पडून राहिले. १६९९ साली आमाँताँ या फ्रेंच संशोधकाने घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते, हा नियम मांडला. आगगाडी आल्यावर हा प्रश्न व्यवहाराचा झाला. आसावरील तेल आटले की धातू तापून लाल होई आणि गाडी वाटेतच अडे. १८८३ साली टॉवर नावाचा इंग्रज अभियंता आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत असता, तेल घालण्यासाठी वर पाडलेल्या भोकातून तेलच उसळून बाहेर येऊ लागले. त्याने बूच मारले, तर तेही उडाले! फिरता आस तेलाला ओढून घेतो आणि त्या तेलाच्या दाबावरच सारा भार तरंगतो, हे त्यावरून दिसून आले. १८८६ साली रेनॉल्ड्स याने त्याचे गणित सिद्ध केले.

मात्र हे तरंगणे चाक फिरत असतानाचे. चाक थांबले की तेलाचा थर दबतो आणि धातूला धातू भिडतो. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्यांचा प्रदेश असतो. दोन पृष्ठभाग टेकतात ते फक्त शिखरांवर. अशा वेळी द्रव तेल अपुरे पडते आणि त्यातील घन कण उपयोगी येतात. ग्रॅफाइटचे पापुद्रे एकमेकांवरून सहज घसरतात, ते याच कारणाने वंगण ठरले.

१९९२ साली इस्राएलच्या वाइझमन संस्थेत रेशेफ टेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांना टंगस्टन डायसल्फाइडचे, कांद्याप्रमाणे पापुद्र्यावर पापुद्रा असलेले, पोकळ गोलाकार कण आढळले. मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. हे कण शंभर नॅनोमीटरच्या आसपासचे. १९९७ साली त्यांचा वंगण म्हणून उपयोग प्रसिद्ध झाला. हे कण काही अंशी घरंगळतात, दाब वाढला की त्यांचे पापुद्रे सुटून धातूवर पसरतात आणि खाचा बुजवितात. तथापि त्यांचे दोषही आहेत. ते एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, तेलाच्या तळाशी बसतात आणि प्रमाण चुकले तर झीज वाढवितात.

काजळीचे मूळ कणही नॅनोमीटरांतच मोजावे लागतात, हे खरे. म्हणून आपल्या गाडीवानाला नॅनोविज्ञान ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. त्याच्या लगद्यात बारीक काजळीबरोबर भरड राखही असे, आणि ती राख आसाला खात असे. कणाचा आकार, प्रमाण आणि गुण हाती ठेवणे हे प्रयोगशाळेचे कार्य. परंतु तेलात योग्य घन पदार्थ मिसळल्याने ओझे हलके होते, ही जाण अनुभवातून आलेली होती. तिला अडाणीपणा म्हणणे हाही अन्यायच होय.

हा विषय केवळ यंत्रज्ञांचा नाही. १९६६ साली ब्रिटनमधील जोस्ट यांच्या समितीने, घर्षणशास्त्राचा नीट उपयोग केल्यास त्या देशाचे वर्षाला सुमारे ५१ कोटी ५० लाख पौंड वाचतील, असा हिशेब मांडला. २०१७ साली होल्मबर्ग आणि एर्देमिर या संशोधकांनी जगातील एकूण ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा घर्षणावर मात करण्यातच खर्ची पडतो, असा अंदाज दिला. जाळलेल्या दर पाच मण कोळशातील एक मण अशा रीतीने खर्ची जात असेल, तर वंगणात केलेली थोडीशी सुधारणाही देशाच्या तिजोरीत पडलेली भरच समजावी लागेल.