पीटर फ्रेयर : काय काढले, काय उरले?

छावणीत राहणाऱ्या माणसाला जुन्या लष्करी डॉक्टरांविषयी कुतूहल असतेच. हैदराबाद कंटिंजंटचे शिपाई, त्यांचे गोरे अधिकारी आणि पलटणीचे डॉक्टर एकेकाळी इथेच राहत. मी मात्र या विषयाकडे वळलो तो काकांच्या आजारपणामुळे. लघवी तुंबल्याने त्यांचे दुर्बिणीतून ऑपरेशन झाले होते. तेव्हापासून घरात आम्ही सगळे म्हणत असू, “काकांचं प्रोस्टेट काढलंय.” आठ वर्षांनी त्यांची कंबर धरली. तपासणीत निघाला तो प्रोस्टेटचाच कर्करोग, हाडांत उतरलेला. “जे काढलंच आहे त्याला कॅन्सर कसा होईल?” काकूंच्या या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी सर पीटर जॉन्स्टन फ्रेयरपर्यंत पोहोचलो.

फ्रेयर १८५१ सालचा, आयर्लंडमधल्या गॉलवे परगण्यातला. १८७५ मध्ये तो इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आला आणि सुमारे वीस वर्षे उत्तर हिंदुस्थानात राहिला. तिथे मूतखड्याचे रुग्ण अमाप होते. सुश्रुतापासून चालत आलेली रीत वृषणांमागची जागा चिरून खडा काढण्याची. अमेरिकेतल्या बिगेलोने १८७८ मध्ये वेगळी पद्धत मांडली. मूत्रमार्गातून उपकरण घालून खडा आतच फोडायचा आणि चुरा त्याच वेळी धुऊन काढायचा. फ्रेयरने ती हिंदुस्थानात हिरिरीने वापरली. रामपूरच्या नवाबाने तर त्याला लाख रुपयांची बिदागी दिली.

नोकरी सोडून तो लंडनच्या सेंट पीटर्स रुग्णालयात गेला. १ डिसेंबर १९०० रोजी ६९ वर्षांच्या एका रुग्णाचे ओटीपोट व मूत्राशय उघडून त्याने वाढलेली ग्रंथी बोटाने सोलून बाहेर काढली. पुढच्या जुलैत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चार रुग्णांची हकीकत छापली. १९१२पर्यंत ही संख्या हजारावर गेली. जन्मभर नळी घालून जगणाऱ्या म्हाताऱ्यांना त्याने मोकळे केले, हे श्रेय त्याचेच.

पण त्याच्यावर दोन आक्षेप आले. पहिला अग्रमानाचा. न्यूयॉर्कच्या यूजीन फुलरने असे ऑपरेशन काही वर्षे आधीच करून प्रसिद्धही केले होते. दुसरा आक्षेप आमच्या काकूंच्या प्रश्नाला थेट भिडतो. फ्रेयरचा दावा होता की आपण संपूर्ण प्रोस्टेट काढतो. प्रत्यक्षात निघत होता तो आतला वाढलेला गोळा. संत्र्याच्या फोडी निघाल्या, साल जागेवरच राहिली. त्या सालीतच ग्रंथीचा मूळ भाग दाबून बसलेला असतो, आणि बहुतेक कर्करोग त्याच बाहेरच्या भागात सुरू होतात.

कर्करोगासाठी सालीसकट सगळी ग्रंथी काढणारे ऑपरेशन बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्पटन यंगने ७ एप्रिल १९०४ रोजी केले. तिथल्याच पॅट्रिक वॉल्शने १९८२ मध्ये लैंगिक क्षमतेच्या नसा वाचवून ते करून दाखवले. तिथेच शिकलेल्या केरळच्या मणी मेनन यांनी पुढे डेट्रॉइटमध्ये ते रोबोटच्या साहाय्याने रुळवले. काकांची वेळ मात्र टळून गेली होती. त्यांना आधार मिळाला तो चार्ल्स हगिन्सच्या शोधाचा. पुरुषी संप्रेरक रोखले की हा रोग मागे हटतो, हे त्याने १९४१ मध्ये दाखवले. १९६६ मध्ये त्याला नोबेल मिळाले. त्या उपचारावर काका आणखी तीन वर्षे आमच्यात होते.

काका गेल्यावर मी त्यांची जुनी फाईल काढली. पहिल्या ऑपरेशनच्या कागदावर ‘प्रोस्टेटचा वाढलेला भाग काढला’ असेच इंग्रजीत लिहिले होते. मधला ‘वाढलेला भाग’ आम्हीच घरी येता येता गाळला होता. ते दोन शब्द ध्यानात राहिले असते, तर वर्षाकाठी पीएसएची तपासणी करावी का, एवढे तरी आम्ही डॉक्टरांना विचारले असते.