वस्तीतले प्रबोधन : नाशिकचा वारसा आणि आपले कार्यक्रम

इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान आणि कला हे विषय महाविद्यालयाच्या वर्गाबाहेर, सर्वसामान्य माणसांसोबत बसून शिकणे-शिकवणे याला आज लोकाभिमुख मानव्यविद्या असे भारदस्त नाव मिळाले आहे. नाव नवे असले तरी काम आपल्या वस्त्यांना जुने आहे. आपण त्याला प्रबोधन म्हणतो. विहारातले ग्रंथवाचन, जयंतीची व्याख्यानमाला, भीमगीतांचा कार्यक्रम, लेण्यांवरची धम्मसहल ही सगळी त्याचीच रूपे आहेत.

नाशिकमध्ये असे कार्यक्रम वर्षभर होतात. प्रश्न संख्येचा नाही. कार्यक्रम संपून मंडप सोडल्यावर वस्तीत काय उरते, हा आहे. या लेखात नाशिकचा वारसा थोडक्यात मांडून त्याच निकषावर आजच्या कार्यक्रमांकडे पाहिले आहे.

त्रिरश्मीवरचा जाहीर हिशेब

नाशिकच्या दक्षिणेला, मुंबई महामार्गालगतच्या डोंगरावर २४ लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, पण त्यांचा पांडवांशी संबंध नाही. शिलालेखांत या डोंगराचे नाव त्रिरश्मी असे येते आणि ही लेणी बौद्ध भिक्खूसंघासाठी कोरलेली आहेत. लेणे क्रमांक ३ गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेने दान दिले. मात्र दान करणारे सगळे राजघराण्यातले नव्हते. लेणे क्रमांक १८ म्हणजे चैत्यगृह. त्याच्या दर्शनी भागावर धंभिक नावाच्या एका गावाचे दान नोंदले आहे. दुसऱ्या एका लेण्यात दाता म्हणून एका कोळ्याचे नाव कोरलेले आहे.

कार्यकर्त्यांनी आवर्जून वाचावा असा लेख लेणे क्रमांक १० मध्ये आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. पैकी २,००० वर दरमहा एक टक्का आणि १,००० वर दरमहा पाऊण टक्का व्याज ठरले. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचे अशी अट होती. दोन हजारांचे वर्षाचे व्याज २४० होते. त्यातून वर्षावासातल्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळत. हा व्यवहार नगराच्या सभेत वाचून दाखवला गेला आणि फलकावर नोंदवला गेला, असेही लेखात म्हटले आहे.

त्याच लेण्यात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेचा लेख आहे. संघातल्या आजारी भिक्खूंच्या औषधासाठी तिने वेगवेगळ्या कारागीर श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. त्यात तेल गाळणाऱ्यांची श्रेणीही होती. म्हणजे कायमचा निधी, त्याचा ठरलेला उपयोग आणि जाहीर हिशेब या तिन्ही गोष्टी आपल्या डोंगरावर सुमारे दोन हजार वर्षांपासून कोरलेल्या आहेत. आपण तिथे जातो, वंदना घेतो, फोटो काढतो आणि हा हिशेब न वाचताच खाली उतरतो.

सत्याग्रह, जलसा आणि गाणे

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. संघटनेची मोठी जबाबदारी दादासाहेब तथा भाऊराव गायकवाड यांनी पेलली. दादासाहेबांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा. मंदिराच्या चारही दरवाजांवर बसलेल्या पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. हा लढा काही वर्षे चालला. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. या दोन्ही घटना आपल्याच जिल्ह्यातल्या.

अक्षरओळख नसलेल्या माणसांपर्यंत हा विचार नेला तो जलशांनी. सत्यशोधक जलशाची परंपरा आंबेडकरी शाहिरांनी पुढे चालवली आणि त्यात नाशिक जिल्ह्यातले भीमराव कर्डक अग्रणी होते. ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक त्यांचेच. अनेक तरुण त्यांच्यात आणि वामनदादा कर्डक यांच्यात गल्लत करतात. लोककवी वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी झाला आणि १५ मे २००४ रोजी ते गेले. त्यांची गाणी गावोगावच्या गायनपार्ट्यांनी घराघरांत नेली.

गद्यातही नाशिक मागे नाही. बाबूराव बागूल विहितगावचे. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा कथासंग्रह १९६३ साली आला. १९९९ मध्ये धारावीत भरलेल्या पहिल्या विद्रोही साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा त्याच सुमारास शहरात विद्रोही साहित्य संमेलनही झाले. साहित्य कोणाचे आणि व्यासपीठ कोणाचे, हा वाद शहराने आपल्या दारात पाहिला.

वर्षावासातले वाचन

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. या वाचनाला येणाऱ्यांत महिलांची संख्या मोठी असते. दिवसभराचे काम आटोपून, घरचा स्वयंपाक उरकून त्या येतात. सलग तीन महिने चालणारा आणि एकच ग्रंथ शेवटपर्यंत नेणारा असा दुसरा कार्यक्रम आपल्याकडे नाही. तरी बातमी होते ती मिरवणुकीची.

या वाचनात एक उणीव मात्र दिसते. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात आणि सरणत्तय घेऊन सगळे उठतात. प्रश्न विचारला जात नाही, कारण विचारायला वेळच ठेवलेला नसतो. बाबासाहेबांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेत परंपरेतल्या काही समजुतींवर स्वतः प्रश्न उपस्थित केले आहेत. अशा ग्रंथाच्या वाचनात प्रश्नाला जागा नसावी, हे पटणारे नाही.

एक हुकलेली नोंद

मी ज्या वस्तीत काम करते तिथे एक आजी होत्या. त्यांच्या सासूबाई काळारामाच्या सत्याग्रहाला गेल्या होत्या, असे त्या सांगत. जयंतीच्या भोजनदानाची भाजी निवडताना त्यांचे बोलणे सुरू होई. सोबत भाकरी काय नेली, घरी मूल कोणापाशी ठेवले, परतल्यावर मालकाने कामावर घेतले का, असे बारीकसारीक तपशील त्यात असत. ‘पुढच्या महिन्यात नीट बसू आजी, मोबाइलवर रेकॉर्ड करू,’ असे मी दोनदा म्हणाले. दोन्ही वेळा जयंतीची, शिबिराची गडबड आडवी आली. मग आजी गेल्या. एम.ए.ला मौखिक इतिहासावर मी पेपर लिहिला होता, चांगले गुणही मिळाले होते. पण आजींचा आवाज आज कुठेही नाही. ही चूक माझी आहे आणि ती इतरांनी करू नये म्हणून इथे लिहिते आहे. त्या पहिल्या तुकडीतल्या २५ जणींपैकी किती जणींची नावे आपल्याला सांगता येतील, हेही प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

काय करता येईल

१. वाचनानंतर पंधरा मिनिटे प्रश्नांसाठी ठेवा. रोज वाचक बदला. एक दिवस शाळकरी मुलीने, एक दिवस आजोबांनी वाचावे. अडखळले तर अडखळू द्या.

२. लेण्यांवर जाताना किमान दोन शिलालेखांचा मराठी अर्थ छापून न्या आणि तिथेच वाचा. हे संरक्षित स्मारक आहे. भिंतींना हात लावणे, नावे लिहिणे, रंग किंवा तेल लावणे टाळा.

३. प्रत्येक मंडळातल्या दोन तरुणांनी वर्षाला पाच ज्येष्ठांच्या मुलाखती रेकॉर्ड कराव्यात. आधी परवानगी घ्या, तारीख आणि ठिकाण नोंदवा, एक प्रत त्या कुटुंबाला द्या. महिलांच्या मुलाखती आधी घ्या, कारण त्यांच्याकडे आजवर कोणी फारसे विचारायला गेलेले नाही.

४. गाण्याच्या कार्यक्रमात दोन गाण्यांमध्ये कवीचे नाव आणि गाण्याचा संदर्भ सांगा. वामनदादांचे गाणे ‘पारंपरिक’ म्हणून गायले जाऊ नये.

५. वर्गणीचा ठरावीक भाग खर्च न करता बँकेत कायम ठेव म्हणून ठेवा. तिच्या व्याजातून पुस्तके घ्या. संपूर्ण हिशेब विहाराच्या फलकावर लावा.

६. डीजेचा खर्च आणि पुस्तकांचा खर्च सभेत शेजारी-शेजारी मांडा. ध्वनी नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकावर निर्बंध आहेतच. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्रीची ४५ डेसिबल आहे.

शेवटचा मुद्दा नाजूक आहे. ज्यांना रस्त्यावरून चालायची मुभा नव्हती, त्यांच्या नातवंडांनी त्याच रस्त्यावरून वाजतगाजत जावे, यात अर्थ आहे. तरुणांच्या आनंदाला नाक मुरडून प्रबोधन होत नाही. पण एका रात्रीत सगळी वर्गणी उडाली, तर उरलेल्या ३६४ दिवसांसाठी विहाराचे कपाट रिकामे राहते.

त्रिरश्मीवरच्या त्या लेखाच्या काळात ठेवीचा व्यवहार फलकावर नोंदवणे जमले होते. येत्या जयंतीच्या बैठकीत वर्गणीचा आकडा ठरेल, तेव्हा कायम ठेवीचा आकडाही ठरवा आणि पहिल्या मुलाखतीसाठी कोणत्या आजींकडे जायचे, ते नावानिशी लिहून घ्या.

जय भीम, नमो बुद्धाय.