परवाना दुकानाच्या भिंतीवर, पंप पाठीवर

औषधाच्या दुकानात, म्हणजे पिकावरच्या औषधाच्या, गेलात की भिंतीवर चौकटीत लावलेला एक कागद दिसतो. तो विक्रीचा परवाना. आता भातावर फवारणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. पाठीवर पंप, तोंडाला उपरणं, पाय अनवाणी. त्याच्याकडे असा कागद नसतो, आणि कायदा तो मागतही नाही. असं का, याची गोष्ट जुनी आहे.

ती सुरू होते केरळात, १९५८ साली. त्या एप्रिल-मे महिन्यांत केरळ आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात शंभराहून अधिक माणसं विषबाधेनं गेली. धान्याच्या मालाबरोबर फॉलिडॉल नावाचं कीटकनाशक नेलं होतं. ते सांडलं, खाण्याच्या वस्तूंत मुरलं आणि लोकांच्या पोटात गेलं. सरकारनं न्यायमूर्ती शहा यांचा चौकशी आयोग नेमला. पुढं दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशक कायदा झाला, आणि १९७१ मध्ये त्याचे नियम आले.

म्हणजे हा कायदा जन्मला तो खाणाऱ्याच्या मरणातून, फवारणाऱ्याच्या नव्हे. त्याची खूण कायद्यावर अजून आहे. औषधाची नोंदणी हवी, बनवणाऱ्याला परवाना हवा, विकणाऱ्याला हवा. डब्यावर रंगाचा त्रिकोण हवा : लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. (सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे बरं का.) पण कलम ३८ सांगतं, की स्वतः कसत असलेल्या जमिनीवर कोणी औषध वापरलं, तर त्याला हा कायदा लागू नाही.

मला विचाराल तर ही सूट तेव्हा चुकीची नव्हती. एका पंपासाठी शेतकऱ्यानं डोंगर उतरून कचेऱ्यांच्या खेपा घालाव्यात, असं कोण म्हणेल? पण परवान्याबरोबर शिकवणंही सुटलं. संरक्षक कपडे द्या, प्रशिक्षण द्या, हे नियमांत आहे. पण ते बांधलंय कारखानदार, वितरक आणि पेस्ट कंट्रोल करणाऱ्यांना.

याची किंमत २०१७ मध्ये यवतमाळनं मोजली. कपाशी त्या हंगामात डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळं फवारा थेट तोंडावर यायचा. दोन-तीन औषधं एकत्र मिसळली जात होती. त्या एका जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. सरकारनं चौकशीसाठी विशेष पथक नेमलं.

दुकानदाराच्या शिक्षणाकडं मात्र लक्ष गेलं होतं. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेनं २००३ पासून कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्यांसाठी वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. पुढं नियमही बदलले आणि परवान्यासाठी शिक्षणाची अट आली. चांगलंच झालं, कारण आपल्याकडं 'काय मारू?' हा प्रश्न पहिल्यांदा दुकानदारालाच विचारतात.

फवारणाऱ्याच्या हाताकडं केंद्र सरकारनं पाहिलं ते ऑक्टोबर २०२२ च्या आदेशात. ग्लायफोसेट हे तणनाशक फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनंच वापरावं, असं त्यात म्हटलं. वेल्ह्यातल्या एखाद्या वाडीवर बांधावरचं गवत मारायला असा ऑपरेटर कुठून आणायचा, हे तुम्हीच सांगा.

आणि या सगळ्यात आपण बायका कुठं आहोत? पंप त्याच्या पाठीवर, पण त्यात ओतायचं पाणी हंड्यानं आपण आणतो. औषधाचे कपडे आपण धुतो, तेही पुष्कळदा पोरांच्या कपड्यांतच. दुसऱ्या दिवशी त्याच खाचरात बेणणीला आपणच उतरतो. कायद्यात दुकानदार आहे, ऑपरेटर आहे. कपडे धुणारी बाई कुठंच नाही.

तरी कायद्यातल्या दोन गोष्टी आपल्या हाताशी आहेत. विकणाऱ्यानं पावती द्यायची असते, आणि डब्याबरोबर आपल्या भाषेतलं माहितीपत्रक असायचं असतं. कोणत्या औषधाला काय उतारा, हे त्यात छापलेलं असतं. गटाच्या पुढच्या बैठकीला घरात असेल ते पत्रक घेऊन या. अक्षर बारीक असतं, चष्मा विसरू नका. ज्यांना वाचता येतं त्यांनी मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी विचारायचं.